लेकरू घरातच वाढावं म्हणून
बालसंगोपन योजना समजून घेऊ या

आज आपण ज्या योजनेविषयी बोलणार आहोत, तिचं नाव गावात फार थोड्या जणींना ठाऊक असतं. तिची गरज मात्र जवळपास प्रत्येक गावात दोन-चार घरांना तरी असतेच. योजनेचं नाव आहे बालसंगोपन योजना. आता तिचं पूर्ण नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना असं झालं आहे. महाराष्ट्र सरकारचा महिला व बालविकास विभाग ही योजना चालवतो.

घरातला कर्ता माणूस गेला की तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं. चौदाव्या दिवशी पाहुणे आपापल्या गावाला जातात आणि खरा प्रश्न तेव्हा उभा राहतो. पोरांचं काय करायचं? दीर म्हणतो, थोरल्याला धाब्यावर कामाला लावू. भाऊ म्हणतो, धाकट्याला आश्रमात ठेवू, दोन वेळचं पोटाला तरी मिळेल. मुलगी चौदा-पंधराची असली तर कुणीतरी स्थळच घेऊन येतं. ही माणसं काही वैरी नसतात. त्यांच्या डोक्यात एकच हिशोब असतो, खाणारी तोंडं कमी झाली तर बाईचा भार हलका होईल. पण या हिशोबात लेकराला कुणी धरलेलं नसतं. ज्याचा बाप गेला, त्याची आईही सुटते, शाळा सुटते, भावंडं सुटतात. एका दुःखावर दुसरं दुःख येतं, आणि हे दुसरं दुःख टाळता येण्यासारखं असतं.

ते टाळता यावं म्हणूनच ही योजना आहे. म्हणून आज आम्ही ती पायरीपायरीने सांगणार आहोत. कागद-पेन जवळ असेल तर घ्या. नसेल तर गटातल्या लिहित्या मुलीला सोबत बसवा.

कायदा काय म्हणतो?

मुलांच्या काळजी आणि संरक्षणाचा आपल्या देशात एक कायदा आहे. त्याला बाल न्याय कायदा म्हणतात. तो २०१५ साली झाला आणि १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्याआधी १९९२ साली भारताने संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेला मान्यता दिली होती. त्या संहितेचा आणि या कायद्याचा गाभा एकच आहे. मुलाला सांभाळण्याची पहिली जबाबदारी आणि पहिला मान त्याच्या कुटुंबाचा. मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, बाकी सगळं करून पाहिल्यावरचा.

याचा अर्थ नीट समजून घेऊ. आई जिवंत आहे, तिची माया आहे, तिला लेकरू हवं आहे, फक्त हातात पैसा नाही. अशा वेळी लेकरू आईपासून तोडायचं नाही, आईच्या हाताला बळ द्यायचं. संस्थेत ठेवलेल्या मुलावरही सरकार खर्च करतंच. मग तोच हात मुलाच्या घराला का देऊ नये? म्हणजे मूल आपल्या माणसांत, आपल्या गावात, आपल्या शाळेत वाढेल. बालसंगोपन योजनेमागचा विचार हा आहे. म्हणून हे पैसे घेताना कुणी मान खाली घालायची नाही. ही भीक नव्हे, लेकराच्या हक्काची मदत आहे.

पैसे किती आणि कुणाला?

पूर्वी या योजनेत मुलामागे महिन्याला ४२५ रुपये मिळत. मग ते ११०० झाले आणि २०२३ पासून २२५० रुपये झाले आहेत. वर्षाचा हिशोब केला तर एका मुलामागे २७,००० रुपये होतात. यात घर चालत नाही, हे आम्हालाही कळतं. पण वह्या, कपडे, एसटीचा पास, आजारपणाचं औषध, रोजचं दूध एवढं निघतं. मुख्य म्हणजे मुलगा कामाला गेलाच पाहिजे, ही सक्ती उरत नाही.

मूल जन्मापासून १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत या योजनेत बसतं. कोणकोणती मुलं बसतात ते आता ऐका. पुष्कळ जणींना वाटतं की ही योजना फक्त अनाथांची आहे. तसं नाही.

आई-वडील दोघंही नाहीत आणि मूल आजी, मामा, काका, आत्या यांच्याकडे वाढतं आहे, ते बसतं. वडील वारले आणि आई सांभाळते, किंवा आई वारली आणि वडील सांभाळतात, तेही बसतं. घटस्फोट झालेल्या, नवऱ्याने टाकून दिलेल्या आणि लग्नाआधी आई झालेल्या बाईचं मूल बसतं. आई किंवा बाप गंभीर आजाराने अंथरुणाला खिळला आहे, कुष्ठरोगी आहे, जन्मठेपेची शिक्षा भोगतो आहे, अशा घरातलं मूल बसतं. आई-वडील दोघंही अपंग असतील तर त्यांचं मूल बसतं. एचआयव्हीची बाधा झालेली मुलं आणि तीव्र मतिमंद किंवा बहुविकलांग मुलंही या यादीत आहेत. आई-बापात टोकाचा बेबनाव होऊन प्रकरण पोलिसांत किंवा कोर्टात गेलं आहे आणि मुलांची आबाळ होते आहे, अशा मुलांचाही विचार होतो.

म्हणजे विधवा बाई, परित्यक्ता बाई आणि नातवंडं सांभाळणारी म्हातारी, या तिघी आपल्या गावात कुठं कुठं आहेत, ते आधी डोळ्यांपुढे आणा.

अर्ज कुठं करायचा?

इथं फार जणी चुकतात, म्हणून सावकाश सांगतो. अंगणवाडीचं काम पाहणारं तालुक्याचं कार्यालय वेगळं. जिल्हा परिषदेचा महिला व बालकल्याण विभाग वेगळा. आणि ही योजना ज्यांच्याकडे आहे ते जिल्हा महिला व बालविकास अधिकारी वेगळे. नावं सारखी असल्यामुळे बाई एका दारातून दुसऱ्या दारात फिरत राहते आणि चार दिवसांची मजुरी बुडते. तुम्ही जिल्ह्याच्या गावी गेल्यावर विचारायचं ते असं: जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांचं कार्यालय कुठं आहे, आणि तिथला जिल्हा बाल संरक्षण कक्ष कुठला? अर्ज तिथं मिळतो आणि तिथंच द्यायचा असतो. अर्जाला पैसे पडत नाहीत. कुणी फॉर्म विकत असेल, किंवा काम करून देतो म्हणून पैसे मागत असेल, तर तो माणूस योजनेचा नाही, स्वतःच्या पोटाचा आहे.

अर्जासोबत साधारणपणे हे कागद लागतात:

१. मुलाचं आणि सांभाळणाऱ्या पालकाचं आधार कार्ड.
२. मुलाचा जन्माचा दाखला आणि शाळेत जात असेल तर शाळेचं बोनाफाईड.
३. आई किंवा वडील वारले असतील तर मृत्यूचा दाखला.
४. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला.
५. रहिवासी दाखला आणि रेशन कार्ड.
६. बँकेच्या पासबुकाची पहिल्या पानाची झेरॉक्स.
७. पालक आणि मुलं एकत्र घरासमोर उभी असलेला फोटो, शिवाय दोघांचे पासपोर्ट फोटो.

बँकेचं खातं आधारला जोडलेलं हवं, कारण पैसे थेट खात्यात येतात. खातं कुणाच्या नावावर चालेल, हे कार्यालयात आधी विचारा आणि मगच उघडा. जनधनचं जुनं खातं बंद पडलेलं असतं आणि पैसे येऊन परत जातात, असंही होतं. म्हणून बँकेत जाऊन खातं चालू आहे ना, याची खात्री करा.

नवऱ्याने टाकलेल्या बायकांची अडचण सगळ्यात मोठी असते, कारण त्यांच्याकडे मृत्यूचा दाखला नसतो आणि घटस्फोटाचा कागदही नसतो. त्यांनी हात टेकायचे नाहीत. पोटगीचा दावा केला असेल तर त्याची प्रत, पोलिसांत तक्रार दिली असेल तर तिची पोच, आणि आपण माहेरी किंवा वेगळ्या राहतो याविषयी गावपातळीवरचा दाखला, असं जे जे हाताशी असेल ते घेऊन जा. कार्यालयात नेमकं काय चालतं ते विचारून घ्या. पोटगीचा दावा अजून केलेलाच नसेल तर तोही करा. पूर्वी तो फौजदारी संहितेच्या कलम १२५ खाली व्हायचा. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला आहे आणि त्यात तो कलम १४४ खाली होतो. कलमाचा आकडा बदलला, बाईचा आणि लेकराचा हक्क तोच आहे. वकील करायची ऐपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. बाईला तिथं वकील फुकट मिळतो.

अर्ज दिल्यावर काय होतं?

अर्ज दिला की कार्यकर्ता घरी येऊन चौकशी करतो. घर कसं आहे, मूल कुणाजवळ आहे, शाळेत जातं का, खरोखर गरज आहे का, हे तो पाहतो आणि अहवाल लिहितो. त्या दिवशी घर झाडून-सारवून पाहुणचार करायची गरज नाही. जसं आहे तसं दिसू द्या. उत्तरं खरी द्या.

मग मुलाला घेऊन बालकल्याण समितीपुढे जावं लागतं. समिती हे नाव ऐकून बायका घाबरतात. समितीपुढे उभं केलं तर सरकार मूल काढून घेईल, अशी भीती आम्ही पुष्कळ गावांत ऐकली आहे. तसं होत नाही. ही समिती कायद्याने नेमलेली असते. एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात किमान एक बाई असलीच पाहिजे. समितीला न्यायाधीशासारखे अधिकार असतात हे खरं. पण तुमच्या अर्जावर ती तपासते ते एवढंच, की मुलाला मदतीची गरज आहे का आणि ते घरात नीट वाढतं आहे का. मुलाशीही समितीचे लोक बोलतात. मुलाला पढवून नेऊ नका. कुठं चाललोय आणि कशासाठी, एवढं त्याला आधी सांगा, म्हणजे ते बुजणार नाही.

समितीने आदेश दिला की मदत मंजूर होते. आदेशाची प्रत मागून घ्या आणि जपून ठेवा. अर्ज नाकारला तर तोंडी उत्तरावर परत फिरू नका. कारण लेखी मागा. कागद अपुरा असेल तर तो जोडून पुन्हा देता येतो. निर्णयच चुकीचा वाटला तर ३० दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं.

एक गोष्ट आम्ही लपवणार नाही. पैसे दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला येतातच असं नाही. कधी काही महिन्यांचे एकदम येतात. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण उगाच पडलेली नाही. म्हणून या पैशांच्या भरवशावर सावकाराकडून किंवा फायनान्स कंपनीकडून उचल घेऊ नका. आले की बचत गटात त्या मुलाच्या नावाने थोडे बाजूला टाका. आणि आदेश झाला म्हणजे काम संपलं असंही समजू नका. पुढेही घरभेट होते, फेरतपासणी होते. दरवर्षी शाळा सुरू झाली की बोनाफाईड काढून ठेवा. मूल शाळेत असल्याचा तोच पुरावा असतो.

सोबत आणखी काय मागता येतं?

बालसंगोपनाचे पैसे मुलाच्या नावाने असतात. विधवा आणि निराधार बाईसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना वेगळी आहे. तिच्यात महिन्याला १५०० रुपये मिळतात आणि तिचा अर्ज तहसील कार्यालयात होतो. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कर्ता माणूस वारला, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २०,००० रुपये मिळतात. तोही अर्ज तहसीललाच. केंद्र सरकारची मिशन वात्सल्य ही योजनाही अशाच मुलांसाठी आहे. तिच्यात मुलामागे महिन्याला ४००० रुपयांची तरतूद आहे आणि खेड्यातल्या कुटुंबासाठी वर्षाला ७२,००० रुपये उत्पन्नाची मर्यादा आहे. आपलं मूल दोन्हींपैकी कुठल्या योजनेत बसतं, हे जिल्हा बाल संरक्षण कक्षातच विचारायचं. खिडकी एकच आहे.

आता शाळेचं. बाप गेल्यावर बाई माहेरी येते आणि जुन्या शाळेचा दाखला मिळेपर्यंत मूल घरी बसतं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यानुसार ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला, या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. मूल आधी वर्गात बसेल, दाखला मागून येईल.

या वाटेवरचे तीन धोके

पहिला धोका मुलीच्या लग्नाचा. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या महाराष्ट्रात २० ते २४ वर्षांच्या दर १०० बायकांपैकी जवळपास २२ जणींचं लग्न १८ व्या वर्षाच्या आत झालेलं आढळलं. बाप नसलेल्या घरात ही घाई जास्त होते, जबाबदारीतून मोकळं व्हायचं म्हणून. बालविवाह लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतात. पण शिक्षेपेक्षा मोठी गोष्ट ही, की त्या मुलीच्या नावाने महिन्याला २२५० रुपये येत असतील आणि ती शाळेत जात असेल, तर तिचा भार झाला, असं म्हणायला कुणाला तोंड उरत नाही.

दुसरा धोका अनोळखी संस्थेचा. कुणीतरी गाडी घेऊन येतो, पुण्या-मुंबईला आमची संस्था आहे, मुलं इंग्रजी शाळेत घालतो म्हणतो. आई दोन कागदांवर अंगठा उठवते आणि मग मुलाचा पत्ता महिनोन्‌महिने लागत नाही. मुलांना ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेची बाल न्याय कायद्याखाली नोंदणी असणं सक्तीचं आहे. नोंदणी नसेल तर तो गुन्हा आहे. बालकल्याण समितीला न विचारता मूल कुठल्याही संस्थेत पाठवू नका.

तिसरा धोका परस्पर मूल देण्याचा. मूल नसलेल्या जोडप्याला बाळ देऊन टाका, त्याचं भलं होईल, असं सांगणारे मध्यस्थ असतात. टाकून दिलेलं, सापडलेलं किंवा आईने सोपवलेलं मूल कायद्याची रीत सोडून परस्पर कुणाला दत्तक देणं हा गुन्हा आहे. मुलाची विक्री झाली तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एखाद्या आईला खरोखरच मूल सांभाळणं शक्य नसेल, तर ती बालकल्याण समितीपुढे मूल सोपवू शकते. तिला आधी समजावलं जातं आणि मग विचार बदलायला दोन महिन्यांची मुदत मिळते. परस्पर दिलेलं मूल मागायला गेलं, तर अशी मुदत कोण देणार?

गटाने काय करायचं?

एकटी बाई हे सगळं करू शकत नाही. दुःख ताजं असतं, एसटीला पैसे नसतात, काही घरांत वर्षभर बाहेर पडू देत नाहीत. म्हणून हे काम गटाचं आहे. पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की अर्धा तास जास्त बसा आणि चार कामं वाटून घ्या.

एक, गावातल्या एकपालक आणि अनाथ मुलांची यादी करा. अंगणवाडी ताई आणि आशाताई यांना सोबत घ्या, त्यांना घर न्‌ घर ठाऊक असतं. एचआयव्हीसारखी बाब असेल तर ते नाव यादीतही लिहू नका आणि चावडीवर तर अजिबात बोलू नका. त्या घराशी एकीनेच जाऊन बोलायचं.

दोन, कागदांचा एक दिवस ठरवा. मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीत, उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रात. ज्यांचे कागद अडलेत त्या सगळ्यांनी एकाच दिवशी जायचं.

तीन, जिल्ह्याला जाताना दोघी-तिघींनी मिळून जायचं. त्या बाईचं गाडीभाडं गटाच्या पैशातून द्यायचं. अर्जाची पोच शिक्का मारून घ्यायची. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं धरायचं.

चार, गाव बाल संरक्षण समितीची बैठक मागायची. ही समिती प्रत्येक गावात असायला हवी. सरपंच तिचे अध्यक्ष असतात. अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, शाळेचे मुख्याध्यापक असे लोक तिच्यात असतात. पुष्कळ ठिकाणी ती कागदावरच आहे. ग्रामसभेत उठून एवढंच विचारा: समितीची शेवटची बैठक कधी झाली आणि गावातल्या किती मुलांचे बालसंगोपनाचे अर्ज गेले? प्रश्न दोनदा विचारला गेला की तिसऱ्या वेळी उत्तर तयार ठेवावं लागतं.

आणि एक नंबर सगळ्यांनी पाठ करा: १०९८. मूल संकटात असेल, मारहाण होत असेल, कामाला जुंपलं असेल, लग्न ठरलं असेल, हरवलं असेल, तर दिवसा-रात्री केव्हाही या नंबरावर फोन करा. पैसे पडत नाहीत. मूल स्वतःही फोन करू शकतं. हा नंबर शाळेच्या आणि अंगणवाडीच्या भिंतीवर ठळक अक्षरांत रंगवून घ्या.

मैत्रिणींनो, बाप गेलेल्या घरात आपण भाकरी-पिठलं घेऊन जातो, दहा दिवस त्या बाईला एकटं सोडत नाही. ही आपली रीत चांगलीच आहे. तिला आता आणखी एक जोड देऊ. महिना-दीड महिन्याने पुन्हा त्या घरी जायचं आणि विचारायचं, पोरांचा अर्ज केला का? नसेल केला तर कागद काढ, आपण सोबत जाऊ.

तुमच्या गावातून किती अर्ज गेले, कुठं अडले, कोणता कागद मागितला, हे आम्हाला केंद्रावर येऊन सांगा, नाहीतर गटाच्या वहीतलं पान पाठवा. पुढच्या भागात नवरा गेल्यावर सातबारावर बायको-मुलांची वारस नोंद कशी करायची, ते सांगू. तोवर यादी सुरू करा.